खाजवलंस का?

व्हर्निटाच्या डोक्याला सोमवारी खाज सुटली, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. शनिवारी रिलॅक्सर लावायचा ठरला की सोमवारपासून डोकं खाजणारच. मेकन गावातल्या कुठल्याही काळ्या बाईला विचारा, ती हेच सांगेल. एरवी महिनोन्महिने जे डोकं मुकाट मानेवर बसलेलं असतं, त्याला 'खाजवायचं नाही' एवढं सांगायची खोटी, की सगळ्या बाजूंनी मुंग्या सोडल्यासारखं होतं.

आणि खाजवायचं तर नाहीच. रिलॅक्सरचं ते डब्यातलं पांढरं मलम घट्ट वळ्यांचे केस पाठीवर सरळ सोडतं खरं, पण आधी कुठे नख लागलेलं असेल तर तिथे निखारा ठेवल्यासारखं भाजतं. म्हणून आदला आठवडाभर नख लावायचं नाही, अगदीच राहवलं नाही तर तळहाताने थोपटायचं. चर्चमध्ये उपदेश चालू असताना एखादी बाई आपलंच डोकं थोपटताना दिसली, की मागच्या बाकावरच्या ओळखतात, हिची शनिवारी केसवाल्या जर्लीनकडे वेळ आहे.

"थोपट," रोज संध्याकाळी ममाचा फोन यायचा. "खाजवू नकोस. थोपट."

"थोपटतेय, ममा."

"नखं कापलीस?"

"मी बावन्न वर्षांची आहे."

"वय नाही विचारलं. नखं विचारली."

ममा म्हणजे अर्नेस्टीन पिटमन. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज ऐकून कुणी साठीच्या पुढची म्हणणार नाही. चर्चमध्ये ती सगळ्यांची मदर पिटमन. पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाची जागा तिची, आणि ती आजारी असली तरी त्या जागेवर बसायची कुणाची छाती होत नसे. चर्चमधल्या निम्म्या बायकांच्या लग्नांत, बारशांत आणि मयतांत तिने नाक खुपसलेलं होतं, आणि त्यांनी तिचे आभारही मानले होते. आभार मानायला नकार देणारी एकच बाई होती, आणि ती तिच्या पोटची होती.

आता हा सगळा घोळ झाला कसा, ते सांगायला हवं. व्हर्निटाने रिलॅक्सर सोडला तो काही तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे. गेल्या वर्षी मिस जर्लीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं दुकान दोनतीन महिने बंद राहिलं. दुसऱ्या कुणाकडे जाणं म्हणजे बेइमानी, म्हणून व्हर्निटा थांबली. थांबता थांबता एका रात्री टीव्ही बघताना तिची बोटं कानशिलापाशी गेली, आणि तिथे मुळाशी काहीतरी नवीन लागलं. मऊ, दाट, बोटाभोवती आपण होऊन वेटोळं घेणारं. ती अर्धा तास तेच करत बसली. कार्यक्रमात कोण कोणाचा खून करत होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. सातव्या वर्षापासून ज्या डोक्यावर मलम बसत आलं, त्याचे खरे केस कसे आहेत हे तिने बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं होतं. आणखी थोडे येऊ देत, बघू या तरी, एवढंच तिच्या मनात आलं.

पण 'बघू या तरी' म्हणून गप्प बसायची सोय या जगात नाही. तिची लेक किएरा अटलांटात राहते, सव्वीस वर्षांची आहे, आणि तिच्या डोक्यावरचे केस दारातून तिच्या आधी आत येतात. आईने रिलॅक्सर सोडला म्हटल्यावर तिने तो स्वतःचाच विजय धरला. आठवड्याला खोकी येऊ लागली. शिया बटर, कसलीकसली तेलं, जवस उकळून काढलेली केसांची बुळबुळीत जेल, जी म्हणे फ्रीजमध्येच ठेवायची. ममाने एका रविवारी ती बरणी उघडली, अंड्याचा बलक काढून पांढरं ठेवलंय आणि ते नासलंय अशी खात्री करून घेतली, बरणी सिंकमध्ये ओतली आणि वर व्हर्निटालाच ऐकवलं की घर असं ठेवतात का.

आणि खरं सांगायचं तर हे केसही काही कमी छळवादी नव्हते. धुवायला सकाळ, गुंता काढायला दुपार, वेण्या घालायला संध्याकाळ. हात खांद्यातून गळून पडतात की काय असं वाटायचं. सोमवारी ऑफिसात लायसन्ससाठी लोकांचे फोटो काढताना तिचा उजवा हात वर उठायलाही तयार नसे. त्यातून डोकं धड इकडचं ना तिकडचं. मुळापासून वीतभर तिचे स्वतःचे केस, खाली वीतभर जर्लीनने सरळ केलेले, आणि दोन्ही जिथे भेटत तिथे ते तुटत. किएरा म्हणायची, खालचं कापून टाक. ममा म्हणायची, वरचं सरळ करून घे. आजी आणि नात यांचं जन्मात कशावर एकमत झालं नसेल, पण हे डोकं असं ठेवायचं नाही यावर दोघींचं एकमत होतं. व्हर्निटाला वाटे, दोघींनी येऊन एकदाचं डोकं घेऊन जावं आणि काय ते करून पोस्टाने परत पाठवावं.

तिला हवं होतं तरी काय? थोडा वेळ. आपल्याला हे केस आवडतात की नाही, हे तिचं तिला कळेपर्यंत कुणी हात लावायला नको होता. बस, एवढंच.

पण मे महिना आला आणि बायकांचा रविवार जवळ आला. वर्षातून हा एक रविवार चर्च बायकांच्या हातात असतं. सगळ्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गाणाऱ्याही बायका आणि उपदेश करणारीही बाई. या वर्षी मधलं गाणं व्हर्निटाने एकटीने म्हणायचं ठरलं होतं. ही बातमी ऐकून ममा आधी आठवडाभर फुलून गेली होती. मग तिच्या लक्षात आलं की गाणाऱ्या बाईला डोकंही असतं.

"त्या डोक्याने उभी राहणार आहेस?" तिने रविवारच्या जेवणाला विचारलं. टेबलावर कोंबडी होती, कोलार्डच्या पानांची भाजी होती, मक्याचा पाव होता, आणि व्हर्निटाने पहिला घाससुद्धा घेतला नव्हता.

"माझ्याकडे दुसरं नाहीये, ममा."

"जर्लीनला विचारलंय मी. शनिवारी दहाला आपल्या दोघींची वेळ आहे."

"मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तुला ते दिसत नाही, मागून मला दिसतं. भांडी घासायची तारेची घासणी बरी." ममाने पावावर लोणी लावलं. "ठीक आहे. तुझं डोकं, तुझी मर्जी. मी त्या दिवशी मागे बसेन."

"मागे म्हणजे?"

"शेवटच्या बाकावर. दारापाशी. तिथे वाराही चांगला येतो."

व्हर्निटाने काटा खाली ठेवला. मदर पिटमन शेवटच्या बाकावर बसली, तर पहिल्या गाण्याआधी चर्चभर कुजबुज होणार आणि शेवटच्या गाण्याआधी व्हर्निटा कॅन्सरने मरणार आहे किंवा तुरुंगात चालली आहे असं सगळ्यांना कळणार. आणि तिला गाताना समोर ममा लागायची. पाचव्या वर्षापासून ती त्या उजव्या टोकाकडे बघून गात आली होती, दुसरीकडे कुठे बघून तिचा सूर लागत नसे. हे ममाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तिने ते काढलं होतं.

"बरं," व्हर्निटा म्हणाली. "शनिवारी दहाला."

त्या 'बरं'चा तिला स्वतःचाच इतका संताप आला की तिने भांडी आपटून आपटून धुतली. ममा बाहेरच्या खोलीत गुणगुणत होती.

शुक्रवारी किएराचा फोन आला. तिला कुणी सांगितलं देव जाणे.

"मॉम, तू चौदा महिन्यांवर पाणी ओतणार आहेस?"

"माझे महिने आहेत."

"हे आपल्याला शिकवलेलं आहे, कळतंय का? आपल्या केसांची लाज बाळगायला. तू स्वतःचा द्वेष डोक्याला चोपडून घेणार आहेस."

"किएरा, मी दिवसभर उभी होते. माझे पाय दुखताहेत. मला आत्ता कुणाचाच द्वेष करायची ताकद नाही."

"मी आत्ता निघते. कात्री घेऊन येते. सरळ केस कापले की विषयच संपला."

"तू आलीस तर दार उघडणार नाही मी," व्हर्निटा म्हणाली आणि फोन ठेवला. एक जण डबा घेऊन मागे लागलीय, एक जण कात्री घेऊन. तुला काय हवंय म्हणून विचारणारं कुणी नाही. तिचा हात कधी डोक्यात गेला तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाचही नखं मुळाशी होती आणि इतकं बरं वाटत होतं की डोळे मिटले गेले. तिने हात काढला नाही. दुसराही हात घातला.

शनिवारी सकाळी ममा गाडीत बसली ती जांभळी टोपी घालून. जर्लीनच्या दुकानाच्या दोन गल्ल्या पलीकडेच चर्च होतं आणि कुणी ना कुणी भेटणार होतं. गाडी सुरू झाल्यापासून ममाचा तळहात टोपीवर पडत होता. थप, थप. थप, थप.

"खाज येतेय?" व्हर्निटाने विचारलं.

"टोपी सारखी करतेय."

पुलापाशी आल्यावर ममाने पर्समधून पेन काढलं, खिडकीबाहेर काहीतरी बघायचं सोंग केलं आणि पेनाचं टोपणाचं टोक हळूच टोपीखाली सरकवलं. चर्च येईपर्यंत ते तिथेच होतं. व्हर्निटा रस्त्याकडे बघत राहिली. तिला हसूही आलं नाही, इतकी ती वैतागलेली होती.

मिस जर्लीनचं दुकान म्हणजे तिच्याच घराचं गॅरेज, पण खुर्च्या चांगल्या आणि पंखा जोरात. जर्लीन सत्तरीची, हाडकुळी, आणि तोंडात नेहमी पेपरमिंट. तिने या दोघींची डोकी चाळीस-पंचेचाळीस वर्षं हाताळली होती. व्हर्निटाला तिने खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मुळाशी बोट घातलं.

"बाई गं," ती म्हणाली, "हे एवढं आलंय होय?" यात कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही. मग डब्याचं झाकण फिरवलं. तो वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि व्हर्निटा एकदम सात वर्षांची झाली.

ईस्टरचा आदला दिवस. ती ममाच्या स्वयंपाकघरात उंच स्टुलावर. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांपुढे चार ओळी म्हणायच्या होत्या, पिवळा फ्रॉक शिवून तयार होता, आणि केस वाऱ्यावर हलणारे हवे होते. रात्रभर डोकं खाजवलेलं होतं. ममाने विचारलं, खाजवलंस का? ती म्हणाली, नाही. मग जे भाजलं ते भाजलं. डाव्या कानामागे अंगठ्याएवढी जागा आहे, तिथे त्या दिवसापासून केस उगवलेले नाहीत. पंचेचाळीस वर्षं ती जागा ती झाकत आली होती, आणि दर वेळी तिला वाटे, खोटं बोललीस ना, भोग आता.

"खाजवलंस का?" मिस जर्लीनने विचारलं. ती सगळ्यांनाच विचारते, चाळीस वर्षं त्याच सुरात.

"हो," व्हर्निटा म्हणाली.

जर्लीनचा हात थांबला. "किती?"

"भरपूर. दोन्ही हातांनी. काल रात्री तर कंगव्याच्या टोकानेही."

बाजूच्या खुर्चीवर मासिक चाळणाऱ्या ममाने मासिक मिटलं. "मुद्दाम केलंय तिने."

"असेलही," व्हर्निटा म्हणाली.

"रोज फोन करून सांगत होते मी. रोज. जर्लीन, तू लाव गं, थोडं व्हॅसलीन जास्त घाल आणि लाव. ती काय लहान आहे? सोसेल."

"मी खाजवलेल्या डोक्याला हात लावत नाही, मदर पिटमन, तुम्हाला ठाऊक आहे." जर्लीनने झाकण परत बसवलं.

"उद्या बायकांचा रविवार आहे!" ममाचा आवाज चढला. मग ती व्हर्निटाकडे वळली. "लहानपणी तरी तुला अक्कल होती. निदान 'नाही' म्हणायचीस."

पंखा फिरत होता. व्हर्निटाने आरशातून ममाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"ईस्टरला. मी खाजवलं होतं ते."

"माहीत नसायला काय झालं? माझ्याच पलंगावर झोपली होतीस. रात्रभर खरखर चालली होती, उंदीर शिरल्यासारखी."

"मग लावलंस कशाला?"

 प्रश्नच मूर्खपणाचा होता असा ममाचा चेहरा झाला.

"ईस्टर होता," ती म्हणाली.

 यावर व्हर्निटाला रागही फार लहान पडला असता. पंचेचाळीस वर्षं तिने ज्या एका खोट्याचा गुन्हा आपल्या डोक्यावर वागवला, ते खोटं मुळात कुणाला फसवूच शकलेलं नव्हतं. ममाला माहीत होतं आणि तिने चमचा भरून लावलं होतं. आणि आज ती ते सांगत होती सहज, पाहुणे येणार होते म्हणून घर झाडलं, अशा सुरात. माफी मागायची असते हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्या लेखी तिने पोरीला सगळ्यांपुढे नीट उभं केलं होतं.

व्हर्निटाने गळ्याचं कापड सोडलं आणि उठली. 

"बरं, तिचं राहू दे," ममा म्हणाली. "वेळ घेतलेली फुकट कशाला घालवायची? माझं कर." ती खुर्चीत बसली, जांभळी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ती एकदम लहान दिसू लागली. केस पातळ झाले होते, टाळू दिसत होती, आणि मुळाशी पांढरी, वेटोळी, बोटभर नवी वाढ होती. ती व्हर्निटाच्या केसांसारखीच होती, फक्त रंग तेवढा वेगळा.

जर्लीनने पुन्हा डबा घेतला. "खाजवलंत का, मदर पिटमन?"

"नाही," ममा म्हणाली.

तिने ते अगदी ताबडतोब म्हटलं, हनुवटी वर करून, समोर बघत. स्टुलावर बसलेली, पिवळ्या फ्रॉकची वाट बघणारी पोर जसं म्हणेल तसं. व्हर्निटाने दाराकडे पाऊल टाकलं होतं. खरं तर तिने निघून जायचं होतं. गाडीत बसून राहायचं, एसी लावायचा आणि भाजायचं ते भाजू द्यायचं. तिच्या मनात तेही आलं, आणि आलं याची तिला लाज वाटली नाही.

"खाजवलंय तिने," ती म्हणाली.

"व्हर्निटा."

"पुलापासून इथपर्यंत. पेनाने. टोपीखालून. बघा मधोमध, मिस जर्लीन."

जर्लीनने कंगव्याच्या शेपटाने मधले केस बाजूला केले आणि जीभ टाळ्याला लावून च्च च्च केलं. मधोमध लाल झालं होतं आणि एका ठिकाणी सालटं निघालं होतं.

"गप्प बसता येत नव्हतं तुला?" ममा आरशातून म्हणाली.

"नाही," व्हर्निटा म्हणाली. "कुणीतरी सांगायला हवं असतं."

 जर्लीनने डबा कपाटात ठेवला, तोंडातलं पेपरमिंट या गालातून त्या गालात घेतलं आणि दोघींना तेलाची एक छोटी बाटली देऊन वाटेला लावलं.

 परतताना गाडीत ममाने टोपी घातली नव्हती, ती मांडीवर होती आणि तिचे दोन्ही हात टोपीवर होते. थोड्या वेळाने एक हात उठला. थप, थप.

"आता कशाला थोपटतेस?" व्हर्निटा म्हणाली. "आता खाजव की."

"सवय," ममा म्हणाली. मग, "उद्या तू अशीच गाणार?"

"अशीच."

"ते खालचं सरळ शेपूट तरी काप. धड काहीतरी एक दिसू दे."

"ममा."

"बरं बाई. नको कापू." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी टोपी घालेन. मोठी, पांढरी. मागच्या लोकांना काही दिसणार नाही."

"मागच्या? कुठे बसणार आहेस?"

"माझ्या जागेवर," ममा चिडून म्हणाली. "दुसरीकडे कुठे बसणार?"

पुलाच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. ममाचा हात पुन्हा उठला, डोक्याच्या मागे गेला, पण खांदा दुखत असावा, तो अर्ध्यावरच थांबला. व्हर्निटा अजूनही रागावलेली होती. हा राग उद्या गातानाही असणार होता, आणि पुढची काही वर्षं मधूनमधून निघत राहणार होता. तिने स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला आणि ममाच्या केसांत घातला.

"तिथे नाही," ममा म्हणाली. "मागे. जरा वर. हं."

पांढरे मऊ केस बोटाभोवती वेटोळं घेत होते. व्हर्निटाने सोललेली जागा चुकवून बाजूने हळूहळू नखं फिरवली. ममाने डोळे मिटले, मान पुढे टाकली, आणि टोपी मांडीवरून खाली घरंगळली ती तिने उचलली नाही. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

"वाजवू दे त्याला," ममा म्हणाली. "तू थांबू नकोस."